शब्दचर्चा: मृत्युदंडाच्या कैद्याजवळ कोण? 'धर्मगुरू' की आणखी कोणी?

सीताबर्डीकर: टेक्सासच्या जॉन रामिरेझच्या खटल्याचं भाषांतर करून राहिलो. शेवटच्या क्षणी आपल्या पाद्र्यानं अंगावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करावी, ही त्याची मागणी. मार्च २०२२ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध १ मतांनी त्याच्या बाजूनं कौल दिला. तो बॅप्टिस्ट ख्रिस्ती, म्हणून 'पाद्री' चालतो. पण इतर धर्मांसाठी काय लिहू? 'धर्मगुरू' म्हटलं की पोप नाहीतर दलाई लामा डोळ्यांपुढे येतात.

महालवासी: 'पुरोहित' नका लिहू जी. पुरोहित विधी सांगतो, दक्षिणा घेतो. या कैद्याला सोबत पाहिजे. 'फाशी'ही नको, टेक्सासात इंजेक्शन देतात, 'मृत्युदंड' लिहा. आणि 'अंगावर हात ठेवून' हेच राहू द्या, घाईत 'टाकून' झालं तर पाद्रीच आरोपी व्हायचा.

इंदोऱ्याचा: त्याआधीचं पॅट्रिक मर्फीचं प्रकरणही घ्या. तो बौद्ध, त्याला शेवटी आपले गुरू जवळ हवे होते. तेव्हा टेक्सासच्या मृत्युकक्षात तुरुंगाच्या नोकरीतल्या धार्मिक मार्गदर्शकांनाच प्रवेश, आणि ते ख्रिस्ती नाहीतर मुस्लिम. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या मृत्युदंडाला स्थगिती दिली, तर टेक्सासनं सगळ्यांनाच बाहेर काढलं! २०२१ मध्ये पुन्हा दार उघडलं. आता शब्द: 'भन्ते' हे आमचं संबोधन, बातमीत आपण 'भिक्खू' लिहितो. पण मर्फी महायानातल्या सुखावती पंथाचा. त्याच्या गुरूंना पाली शब्द चिकटवणं मला पटत नाही. 'बौद्ध गुरू' लिहा.

सीताबर्डीकर: मग सगळ्यांना मिळून 'धर्मोपदेशक'?

धंतोली: तो तुरुंगाच्या पगारावरच्या माणसाला ठेवा. दोघांना एकच शब्द दिला तर वाद कशाचा होता तेच वाचकाला कळणार नाही. कैद्यानं निवडलेल्याला 'त्याचे धर्मगुरू' म्हणा. 'त्याचे' लागलं की पोप आठवत नाही.

'परवानगी' आणि 'हक्क' यांतही गल्लत नको. आपल्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत कैद्याची इच्छा असेल तर त्याच्या धर्माच्या माणसाला फाशीच्या जागी हजर राहू देता येतं, पण ते अधीक्षकाच्या मर्जीवर. म्हणजे परवानगी. रामिरेझ अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यावर बोट ठेवून भांडला. त्या कायद्याप्रमाणे कैद्याच्या धर्माचरणात मोठा अडथळा आणायचा तर सबळ कारण सरकारनं दाखवायचं. तिथं 'हक्क'च लिहा.

सीताबर्डीकर: लिहितो. 'त्याचे धर्मगुरू' पक्कं.

महालवासी: मथळ्यात मात्र 'पाद्री'च ठेवा, जागा वाचते.