हेंक स्नेव्हलीट : महायुद्धात ‘तिसरी बाजू’ घेणं चूक होतं का?

हिरवा_कंदील (धागाकर्ता)

एप्रिल १९४२ मध्ये नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्टजवळ जर्मनांनी डच कम्युनिस्ट हेंक स्नेव्हलीटला साथीदारांसह गोळ्या घातल्या. आपल्याकडे तो कुणाला माहीत असलाच तर ‘मारिंग’ या टोपणनावाने. १९२१ साली शांघायच्या फ्रेंच वसाहतीत चिनी कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन चालू असताना एक अनोळखी माणूस डोकावून गेला. तेव्हा ‘ताबडतोब पांगा’ म्हणणारा मारिंग तो हाच.

मला मात्र तो जावातल्या, म्हणजे तेव्हाच्या डच वसाहतीतल्या, कामामुळे मोठा वाटतो. रॉटरडॅमचा जन्म, रेल्वेत नोकरी, रेल्वे युनियनचा अध्यक्ष. १९११च्या खलाशांच्या संपात स्वतःची युनियन कच खाते आहे म्हटल्यावर तिच्याशी फाटलं आणि १९१३ला त्याने जावा गाठलं. सेमारंगच्या रेल्वे-ट्राम युनियनमध्ये तोवर गोऱ्या कर्मचाऱ्यांचाच शब्द चाले. त्याने ती जावानीज कामगारांच्या प्रश्नांकडे वळवली. सेमाउन नावाचा मिसरूडही न फुटलेला रेल्वे कामगार त्याच्याच तालमीत तयार झाला आणि १९२० साली इंडोनेशियन कम्युनिस्ट पक्षाचा पहिला अध्यक्ष झाला. रशियात झार पडला तेव्हा ‘जावानेही यातून शिकावं’ असा लेख लिहिल्याबद्दल स्नेव्हलीटवर खटला झाला. तो सुटला, पण १९१८च्या अखेरीस सरकारने त्याला वसाहतीतून हाकललं.

मायदेशी परतल्यावर मॉस्कोशी बिनसलं आणि पुढे ट्रॉट्स्कीशीही. १९३३ मध्ये पगारकपातीविरुद्ध बंड करणाऱ्या ‘झेवेन प्रोव्हिन्सियन’ युद्धनौकेच्या खलाशांची बाजू घेतली म्हणून तुरुंगात गेला आणि तुरुंगातूनच खासदार झाला. जर्मन फौजा आल्यावर त्याने भूमिगत गट उभा केला. भूमिका एकच : ना बर्लिन, ना लंडन. मला ती आजही बरोबर वाटते. डच राज्य जावात काय करतं हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने जर्मन आल्यावर लंडनला गेलेल्या त्याच डच राजवटीला स्वातंत्र्याचं सैन्य कसं म्हणावं?

तळेगावकर

साफ असहमत. धागाकर्त्यांनी चीन दोन ओळींत उरकला. १९२२ला हांगचौच्या बैठकीत चिनी कम्युनिस्टांना कुओमिंतांग या राष्ट्रवादी पक्षात शिरायला लावणारा हाच माणूस. त्यातल्या बऱ्याच जणांना ते नको होतं. १९२७ला कुओमिंतांगचाच नेता च्यांग कै-शेक याने शांघायमध्ये त्यांचीच कत्तल केली.

आता युद्ध. १९२०च्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या मॉस्को अधिवेशनात वसाहतींच्या प्रश्नावरच्या समितीत मानवेंद्रनाथ रॉय स्नेव्हलीटसोबत होते. हा समितीचा सचिव होता. रॉयना इंग्रजांनी १९३१ ते ३६ तुरुंगात डांबलं होतं. साम्राज्याचा चटका बसल्यामुळे तिसरी बाजू घ्यावी लागते, तर रॉयनी ती आधी घ्यायला हवी होती. त्यांनी १९४० साली उलट सांगितलं : आधी फॅसिझम पाडा. त्यापायी काँग्रेसबाहेर जावं लागलं, पण शब्द फिरवला नाही. मला हे धैर्य जास्त मोलाचं वाटतं.

ट्रामडेपो

फेब्रुवारी १९४१च्या संपाबद्दल कुणी बोललंच नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीवर धाडी घालून जर्मनांनी चारशेहून जास्त तरुण उचलले. पालिकेचे दोन कामगार, पीट नाक आणि विलेम क्रान, यांनी नोर्डरमार्क्टवर सभा घेतली आणि दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, सकाळी ट्रामच बाहेर पडल्या नाहीत. ट्राम नाही म्हटल्यावर शहराला न सांगता कळलं. हे दोघं अधिकृत कम्युनिस्ट पक्षाचे. स्नेव्हलीटच्या गटाने संपाला जोर लावला, पण संप उभा केला तो या लोकांनी. क्रानलाही जर्मनांनी १९४२ मध्ये गोळ्या घातल्या. त्याच्यावर धागा निघत नाही, याचं वाईट वाटतं.

हिरवा_कंदील

नाक आणि क्रान यांचं श्रेय त्यांचंच. तळेगावकर, चीनबद्दल : स्नेव्हलीट १९२३ला तिथून निघाला. पुढे च्यांगचे इरादे उघड दिसत असतानाही ‘बाहेर पडू नका’ हा मॉस्कोचा हुकूम होता. ते पाप त्याच्या पदरात टाकू नका.

रॉय भारतात उघडपणे पक्ष काढू शकत होते. जर्मनांच्या टाचेखाली छापील पत्रक आणि संप एवढीच हत्यारं होती, आणि ती स्नेव्हलीटने जर्मनांवरच चालवली. शिवाय लंडनहून परतलेल्या त्या सरकारने पुढे काय केलं? १९४७ आणि ४८ साली इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर दोनदा फौजा घातल्या.

पाटण_सातारा

आमच्याकडे पत्री सरकार चालवणाऱ्यांनी ऐन महायुद्धात इंग्रजांशी लढा दिला. त्यांना कुणी हिटलरचे मदतनीस म्हणत नाही. मग ‘लंडन नको’ म्हणणाऱ्या स्नेव्हलीटलाच वेगळा न्याय का?

तळेगावकर

कारण साताऱ्यात जर्मन शिपाई नव्हते. अ‍ॅमस्टरडॅममधून उचललेली ती पोरं माउटहाउझेनच्या छावणीत मेली. त्या शहरात पहिला शत्रू कोण, याला दोन उत्तरं नव्हती, आणि त्याला हरवायला लागणारं सैन्य लंडनच्याच बाजूला होतं. जावाचं म्हणाल तर सप्टेंबर १९४६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कामगारांनी इंडोनेशियात फौजा पाठवण्याविरुद्ध संप केला. स्नेव्हलीट असता तर पहिल्या रांगेत दिसला असता. पण तो संप होऊ शकला, कारण वर्षभरापूर्वी हिटलर हरला होता.