गॅलीची वल्ही टिकत नाहीत, मदत हवी आहे

लेपांतोची समुद्री लढाई (७ ऑक्टोबर १५७१) टेबलावर खेळण्यासाठी १:३०० मापात गॅली, म्हणजे वल्ह्यांनी चालणारी जुनी लढाऊ जहाजं, हाताने बनवतोय. खरी गॅली साधारण ४० मीटरची, म्हणजे माझी १३ सेंटीमीटरच्या आसपास. बाल्सा लाकडाचं अंग, कार्डाचा डेक, पुढची सोंड, तिरप्या काठीवरचं तिकोनी शीड, सगळं मनासारखं जमलंय.

अडलंय वल्ह्यांवर. एका बाजूला २४, प्रत्येक जेमतेम ४ सेंटीमीटर. खराट्याचे हीर लावले. टोक किंचित दाबलं की पातं इतकं सुरेख दिसतं की दुसरं काही लावावंसं वाटत नाही, पण बोट लागलं की कट्‌कन मोडतात. तांब्याची तार मोडत नाही, वाकते, आणि सरळ करताना रंगाचे पोपडे निघतात. प्लॅस्टिकच्या झाडूच्या काड्यांना गोंदच धरत नाही. कार्डातून अख्खी रांग एकत्र कापली तर मजबूत होते, पण फणीसारखी सपाट दिसते.

वल्ह्यांच्या बाहेरपर्यंत रुंद बेस लावता येणार नाही, कारण खेळात गॅली एकमेकींना भिडवाव्या लागतात. या लढाईचा निकालच मुळी डेकवर चढून लागला. थ्रीडी प्रिंटर नाही, आणि तयार किट नकोत.

तर, वाकून पुन्हा सरळ होईल आणि रंगही धरेल असं, वडोदऱ्यात मांडवी-रावपुऱ्याकडे मिळण्यासारखं काय वापरावं? आणि वल्ह्यांच्या चौकटीत प्रत्येकाला वेगळं भोक पाडावं, की दोन पट्ट्यांमध्ये रांग दाबून चिकटवावी? सगळ्यांचा कोन एकसारखा कशात राहतो?