मदत हवी आहे: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाचा बायोसायन्सचा निकाल कसा सुधारावा?

आमची ४० जागांची, तालुक्याच्या गावातली जीएनएम शाळा आहे. प्रवेशाला बारावी कोणत्याही शाखेची चालते, त्यामुळे निम्म्याहून जास्त मुली कला शाखेच्या, मराठी माध्यमाच्या आहेत. नर्सिंग फाउंडेशनमध्ये त्या छान करतात. अडकतात त्या बायोसायन्समध्ये, आणि त्यातही मायक्रोबायोलॉजीपेक्षा ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत (शरीररचना आणि शरीरक्रिया).

पाठ्यक्रमात ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीला ९० तास आहेत. पण बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत आमचे प्रवेश चालू राहतात. उशिरा आलेल्यांचे पेशी, ऊती आणि हाडांचे धडे बुडतात, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं असतं.

रक्ताभिसरण तोंडी मराठीत विचारलं तर बिनचूक सांगतात. लेखी उत्तरात मात्र फुप्फुसधमनीत अशुद्ध रक्ताऐवजी शुद्ध रक्त लिहितात, आकृतीवरचे बाणही उलटे. म्हणजे समज आहे, इंग्रजीत मांडता येत नाही, असं माझं मत.

करून पाहिलं ते असं: संध्याकाळचे जादा तास (क्लिनिकल, म्हणजे रुग्णालयातल्या ड्यूटीनंतर मुली पेंगतात), जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेणं (पाठांतर वाढलं, आकृत्या सुधारल्या नाहीत), मराठी-इंग्रजी शब्दांची वही (हिचा खरंच उपयोग झाला).

नवीन शिक्षक नेमणं यंदा शक्य नाही. सांगाडा आणि धडाची प्रतिकृती आहे, प्रोजेक्टर एकच. क्लिनिकलचे तास कमी करायचे नाहीत.

उशिरा आलेल्यांसाठी ब्रिज कोर्स (बुडालेले धडे भरून काढणारा छोटा वर्ग) कोणी घेतं का? किती तासांचा, वेळापत्रकात कुठे बसवता, आणि त्यात कोणते धडे आधी घेता?