डीबीटी कोअर + स्नोफ्लेक (मुंबई रीजन): इन्स्टॉल झालंय पण कनेक्शन आणि स्कीमा दोन्हीकडे अडलंय

चाकण_डेटा

नमस्कार मंडळी. आमची चाकणला ऑटो पार्ट्सची कंपनी आहे, ईआरपीचा (कंपनीचे सगळे व्यवहार ठेवणारी सिस्टिम) डेटा ऑफिसातल्याच एसक्यूएल सर्व्हरवर आहे आणि आजवर सगळे रिपोर्ट स्टोअर्ड प्रोसिजरवर चालायचे. आता मॅनेजमेंटने स्नोफ्लेक (क्लाउडवरचं डेटा वेअरहाऊस) घेतलंय, एडब्ल्यूएसचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं, मुंबई रीजन. रॉ टेबलं रोज रात्री तिथे जाऊन पडतात, ते काम लोडिंगवाला टूल करतो. पुढचं सगळं, म्हणजे डायमेन्शन (ग्राहक, पार्ट वगैरेंची माहिती), फॅक्ट (व्यवहारांचे आकडे), हिस्टरी ठेवणं, टेस्ट, डॉक्युमेंटेशन, हे हाताने न करता ऑटोमेट करायचंय आणि त्यासाठी डीबीटी कोअर (एसक्यूएल लिहून टेबलं बनवणारं टूल) निवडलंय कारण लायसन्सचा खर्च नाही आणि एसक्यूएल आम्हाला येतं.

लिनक्स व्हीएमवर पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून त्यात डीबीटी टाकलंय, प्रोजेक्टपण इनिट केलाय. पण डीबीटी डीबग चालवलं की प्रोफाइल फाइल (कनेक्शनची माहिती असलेली) सापडली, प्रोजेक्ट फाइल सापडली, दोन्ही ओके, आणि शेवटी कनेक्शन टेस्टला ४०४ नॉट फाउंड येतं. अकाउंटच्या जागी ब्राउझरमधला पत्ता जसाच्या तसा टाकलाय, शेवटचं स्नोफ्लेककॉम्प्युटिंग डॉट कॉम धरून. आणि ऑफिसच्या नेटवर्कवर तर एरर सुद्धा पटकन येत नाही, बराच वेळ नुसतं लटकून राहतं.

दुसरी गोष्ट. घरच्या लॅपटॉपवर ट्रायल अकाउंट घेऊन खेळून बघितलं तेव्हा मॉडेलच्या (एक टेबल बनवणारी एसक्यूएल फाइल) कॉन्फिगमधे स्कीमा (डेटाबेसमधला टेबलांचा गट) मार्ट्स लिहिला होता, तर स्नोफ्लेकमधे प्रॉड_मार्ट्स असा तयार झाला. हे असंच असतं का? पॉवर बीआयवाल्यांना (रिपोर्ट बनवणाऱ्यांना) एकदा नाव दिलं की परत बदलता येणार नाही म्हणून आत्ताच विचारतोय.

रात्रपाळी_ईटीएल

आधी ४०४ चं बघू. अकाउंटच्या जागी पूर्ण पत्ता द्यायचा नसतो. ऑर्गनायझेशनचं नाव, हायफन, अकाउंटचं नाव, एवढंच. जुन्या पद्धतीने लोकेटर (स्नोफ्लेकने दिलेला अकाउंटचा कोड) वापरत असाल तर लोकेटर, मग डॉट एपी-साउथ-१ डॉट एडब्ल्यूएस, कारण तुमचं मुंबई आहे. स्नोफ्लेककॉम्प्युटिंग डॉट कॉम हा भाग ड्रायव्हर स्वतः जोडतो, तुम्ही पण लिहिलात की तो दोनदा लागतो आणि असा पत्ता जगात कुठेच नसल्यामुळे ४०४.

इन्स्टॉलचं एक सांगून ठेवतो, १.८ पासून कोअर आणि अडॅप्टर (डेटाबेसशी जोडणारा भाग) वेगळे केलेत, त्यामुळे पिप इन्स्टॉल करताना डीबीटी-कोअर आणि डीबीटी-स्नोफ्लेक दोन्ही नावं लिहा आणि दोन्हीची आवृत्ती रिक्वायरमेंट्स फाइलमधे पिन करा. पायथनसुद्धा अगदी कालच आलेलं नको, अडॅप्टर त्याला सपोर्ट करतो का ते आधी बघा.

आता महत्त्वाचं म्हणजे लॉगिन. तुम्ही पासवर्ड वापरताय असं दिसतंय. सर्व्हरवर रात्री आपोआप चालणाऱ्या युजरसाठी पासवर्ड नको, स्नोफ्लेक स्वतःच एकट्या पासवर्डचा लॉगिन बंद करत चाललंय. वेगळा युजर बनवा, त्याचा टाइप सर्व्हिस ठेवा (अशा युजरला पासवर्डने आत येताच येत नाही, आणि तेच आपल्याला हवंय) आणि की-पेअर (खाजगी आणि पब्लिक कीची जोडी) लावा. ओपनएसएसएलने २०४८ बिटची खाजगी की पी८ फॉरमॅटमधे बनवायची, तिच्यातून पब्लिक की काढायची आणि ती ऑल्टर युजरने त्या युजरला चिकटवायची. चिकटवताना पब्लिक की फाइलची पहिली बिगिनवाली आणि शेवटची एंडवाली ओळ घ्यायची नाही, मधला मजकूर फक्त. प्रोफाइलमधे पासवर्डची ओळ काढून प्रायव्हेट की पाथ आणि पासफ्रेज द्या, आणि पासफ्रेज सरळ फाइलमधे न लिहिता एन्व्ह व्हारमधून (व्हीएमवर सेट केलेल्या व्हेरिएबलमधून) उचला, म्हणजे ती फाइल चुकून गिटमधे गेली तरी कोणाच्या हातात काही लागणार नाही.

यानंतर जर जेडब्ल्यूटी टोकन (खाजगी कीने सही केलेलं लॉगिनचं टोकन) इनव्हॅलिड अशी एरर आली तर घाबरू नका. डिस्क्राइब युजर केलं की पब्लिक कीचा फिंगरप्रिंट दिसतो, तो आपल्या कीचा आहे का ते ताडून बघा, युजरचं नाव बरोबर आहे का बघा, आणि व्हीएमचं घड्याळ बघा. ते टोकन बनल्यापासून मिनिटभराच्या आत पोचावं लागतं, त्यामुळे घड्याळ मागेपुढे असेल तर सगळं बरोबर असून पण आत घेत नाही.

नेटवर्कवाली_ताई

लटकून राहतं म्हणजे फायरवॉल किंवा प्रॉक्सी, डीबीटीचा काही संबंध नाही. आयटीवाल्यांना नुसतं "स्नोफ्लेक उघडा" म्हणून सांगू नका, ते एकच पत्ता उघडून मोकळे होतात. स्नोफ्लेकमधे सिस्टिम डॉलर अलाउलिस्ट नावाचं फंक्शन आहे, ते घरून ब्राउझरमधे लॉगिन करून सिलेक्ट करून चालवा, तुमच्या अकाउंटला लागणारे सगळे होस्ट आणि पोर्ट यादीत मिळतात, तीच यादी जशीच्या तशी तिकिटात टाका. त्यात स्टेजचा (फाइल ठेवायची जागा) एसथ्रीचा, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या स्टोरेजचा, पत्ता असतो तो हमखास राहून जातो. मग लॉगिन होतं, छोट्या क्वेरी चालतात आणि मोठा रिझल्ट आला की परत लटकतं, कारण मोठे रिझल्ट थेट एसथ्रीवरून उचलले जातात. सर्टिफिकेट तपासणीसाठी ओसीएसपीचं ८० पोर्टपण यादीत असतं, सिक्युरिटीवाले त्याला हरकत घेतात, पण कशासाठी आहे ते नीट समजावून सांगितलं की देतात.

ऑफिसात एसएसएल उघडून तपासणारा प्रॉक्सी असेल तर स्नोफ्लेकचे होस्ट त्यातून वगळायला लावा. आणि उलट बाजूनेपण बघा, म्हणजे स्नोफ्लेकवर नेटवर्क पॉलिसी लावली असेल तर तुमच्या ऑफिसचा बाहेरचा स्टॅटिक आयपी तिच्यात पाहिजे.

रोल_आधी_मॉडेल_नंतर

स्कीमाचं उत्तर देतो, पण त्याच्या जोडीला रोलचंपण सांगतो कारण ते आत्ता ठरवलं नाही तर नंतर फार निस्तरावं लागतं.

प्रॉड_मार्ट्स हे डीबीटीचं ठरलेलं वागणं आहे. प्रोफाइलमधला स्कीमा, मग अंडरस्कोअर, मग तुम्ही दिलेला स्कीमा. हे मुद्दाम केलेलं आहे. दोन डेव्हलपर एकाच डेटाबेसवर काम करत असतील आणि दोघांचं मॉडेल सरळ मार्ट्स मधे जायला लागलं तर सकाळी एकाने बनवलेलं टेबल दुपारी दुसऱ्याच्या रनमधे पुसलं जाईल. म्हणून जनरेट स्कीमा नेम हा मॅक्रो (स्कीमाचं नाव ठरवणारा कोडचा तुकडा) सरसकट ओव्हरराइड करू नका (बऱ्याच ठिकाणी तसं लिहिलेलं सापडेल). डीबीटीत जनरेट स्कीमा नेम फॉर एन्व्ह असा तयार मॅक्रो येतो, मॅक्रोज फोल्डरमधे स्वतःची फाइल करून त्यातून तो बोलवा. मग टार्गेटचं (प्रोफाइलमधलं एन्व्हायर्नमेंट, जसं डेव्ह किंवा प्रॉड) नाव प्रॉड असेल तर नुसतं मार्ट्स आणि बाकी टार्गेटला सगळं ज्याच्या त्याच्या स्वतःच्या स्कीमात. पॉवर बीआयवाल्यांना मार्ट्स हे नाव बिनधास्त द्या.

रोल. कृपा करून पहिला रन अकाउंटअ‍ॅडमिनने करू नका, ट्रायलमधे सगळे तेच करतात कारण लॉगिन केल्यावर समोर तोच रोल असतो. स्नोफ्लेकमधे टेबलाचा मालक म्हणजे ज्या रोलने ते बनवलं तो रोल, माणूस नव्हे. नंतर तुम्ही सर्व्हिस युजरला ट्रान्सफॉर्मर नावाचा वेगळा रोल दिलात की त्याला ती जुनी टेबलं रिप्लेस करता येत नाहीत आणि ओनरशिप हलवत बसावं लागतं. सुरुवातीलाच तीन रोल करा. लोडर, जो फक्त रॉ मधे लिहील. ट्रान्सफॉर्मर, जो रॉ वाचेल आणि अ‍ॅनालिटिक्स डेटाबेसमधे स्कीमा बनवेल. रिपोर्टर, जो फक्त मार्ट्स वाचेल. वेअरहाऊसवरचा (स्नोफ्लेकमधे क्वेरी चालवणारी मशीन) युसेज ट्रान्सफॉर्मर आणि रिपोर्टर दोघांनाही द्यायचा विसरू नका, नाहीतर परवानगी सगळी असते आणि क्वेरी मात्र चालत नाही.

आणि एक गोष्ट जी सकाळी सकाळी फोन आणते. डीबीटी टेबल प्रकारचं मॉडेल प्रत्येक रनला क्रिएट ऑर रिप्लेस करतं, म्हणजे रात्री टेबल नवीन बनतं आणि तुम्ही हाताने दिलेला सिलेक्ट ग्रँट जुन्या टेबलाबरोबर जातो. सकाळी रिपोर्ट उघडला की ऑब्जेक्ट डझ नॉट एक्झिस्ट ऑर नॉट ऑथराइज्ड. टेबल समोर दिसतंय आणि एरर म्हणते नाहीये. उपाय म्हणजे मार्ट्स स्कीमावर रिपोर्टर रोलला फ्यूचर (पुढे बनणाऱ्या) टेबल्स आणि फ्यूचर व्ह्यूज दोन्हीचा ग्रँट, किंवा डीबीटीच्याच कॉन्फिगमधे ग्रँट्स लिहून ठेवा. फ्यूचर ग्रँट डेटाबेसवर आणि स्कीमावर दोन्हीकडे एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टसाठी दिलात तर स्कीमावालाच चालतो, डेटाबेसवाला धरतच नाही. म्हणून कुठल्यातरी एकाच पातळीवर द्या.

चाकण_डेटा

तुमचे सगळ्यांचे खूप आभार, खरंच. अकाउंटचं नाव बदलल्यावर ४०४ गेला, यादी आयटीला दिली, त्यांनी एसथ्रीसकट उघडून दिलं, आता डीबग ऑल चेक्स पास्ड म्हणतंय. की-पेअर पण लागली. रोल तसेच केलेत, मॅक्रोपण.

आता शेड्यूल. रात्री २ ला चालवायचंय. त्यासाठी एअरफ्लो (कामांचं शेड्यूल सांभाळणारं मोठं टूल) लागेलच का, की क्रॉन (लिनक्सचा साधा शेड्यूलर) पुरे? आणि एक विचित्र प्रकार दिसतोय, सकाळी करंट डेटवर फिल्टर लावलेलं मॉडेल कालची तारीख घेतंय. शिवाय वेअरहाऊसचं बिल किती येईल याची मॅनेजमेंटला काळजी आहे, त्यांना काय सांगू?

रात्रपाळी_ईटीएल

तारखेचं कारण टाइमझोन. स्नोफ्लेकचा डीफॉल्ट टाइमझोन अमेरिका/लॉस एंजेलिस आहे, अकाउंट मुंबई रीजनमधे असलं तरी. ते लोक आपल्यापेक्षा त्यांच्या उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतात, म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा (किंवा दीड) वाजेपर्यंत करंट डेट कालचीच येणार. अकाउंट पातळीवर टाइमझोन एशिया/कोलकाता करा. अकाउंट नवीन आहे म्हणून आत्ता बिनघोर करता येईल, रिपोर्ट वापरात आल्यावर केलं तर लोकांचे आकडे अचानक हलतात. ईआरपीतून येणाऱ्या तारखा टाइमझोनशिवायच्या असतात, त्या टाइमस्टँप एनटीझेडमधेच राहू द्या, तिथे रूपांतर करत बसू नका.

हेच क्रॉनला. व्हीएम यूटीसीवर असेल तर आपले रात्रीचे २ म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे २० वाजून ३० मिनिटं. वार लावून शेड्यूल करणार असाल तर वारपण एकाने मागे घ्यावा लागतो, हे लक्षात ठेवा.

एअरफ्लोची तुम्हाला आत्ता गरज नाही असं माझं स्पष्ट मत. डीबीटी कोअरला स्वतःचा शेड्यूलर नसतो हे खरं, पण एकच प्रोजेक्ट आणि रात्रीचा एकच रन असेल तर क्रॉनमधे एक शेल स्क्रिप्ट बस झाली. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सुरू करा, डीबीटी डेप्स (लागणारी पॅकेजेस आणणं), मग सोर्स फ्रेशनेस, मग डीबीटी बिल्ड, आणि एक्झिट कोड शून्य नसेल तर मेल. फ्रेशनेस यासाठी की लोडिंगवाला टूल अडकला असेल तर कालच्याच डेटावर रन होतो, सगळं हिरवं दिसतं आणि आकडे मात्र शिळे. रन आणि टेस्ट वेगवेगळे न चालवता बिल्डच चालवा, त्यात वरच्या मॉडेलची टेस्ट पडली की खालचं मॉडेल बनतच नाही, चुकीचा आकडा मार्ट्सपर्यंत पोचत नाही.

खर्चाचा_हिशोब

बिलाबद्दल. एक्स-स्मॉल वेअरहाऊस तासाला १ क्रेडिट (स्नोफ्लेकच्या बिलाचं एकक) घेतं, पुढची प्रत्येक साइज दुप्पट, म्हणजे स्मॉल २, मीडियम ४. आकारणी सेकंदावर असते पण वेअरहाऊस जागं झालं की किमान ६० सेकंदांचे पैसे लागतातच. ऑटो सस्पेंड कमांडने बनवताना काही दिलं नाही तर ६०० सेकंद धरतं, म्हणजे काम संपून दहा मिनिटं मीटर चालूच, ते ६० करा. डीबीटीसाठी एक आणि पॉवर बीआयसाठी एक असं वेगळं वेअरहाऊस ठेवा, मग कोण किती खातंय ते आपोआप दिसतं. थ्रेड्स (एकाच वेळी किती मॉडेल चालतात तो आकडा) ४ किंवा ८ ठेवा, थ्रेड वाढवल्याने क्रेडिटचा दर वाढत नाही, उलट रन लवकर संपून कमी लागतात, मात्र एका मर्यादेपलीकडे क्वेरी रांगेत उभ्या राहतात.

मॅनेजमेंटला शब्दाने समजावण्यापेक्षा रिसोर्स मॉनिटर लावून दाखवा. महिन्याचा कोटा, ठरावीक टक्क्यांना मेल, शंभर टक्क्यांना सस्पेंड. तो बनवायला मात्र अकाउंटअ‍ॅडमिनच लागतो. आणि तो फक्त वेअरहाऊसचा खर्च धरतो, स्नोपाइपसारख्या (आपोआप डेटा भरणारी सेवा) सर्व्हरलेस गोष्टी त्याच्यात येत नाहीत, हे त्यांना आधीच सांगा.

व्हॉल्ट_शिकतोय

मधेच विचारतो, ड्रॅग अँड ड्रॉपवाले तयार ऑटोमेशन टूल, व्हेअरस्केप वगैरे, ते का नको? आणि डेटा व्हॉल्ट (हिस्टरीसकट टेबलं मांडायची एक पद्धत) करायचं असेल तर डीबीटीत जमतं का?

रोल_आधी_मॉडेल_नंतर

जमतं. ऑटोमेट डीव्ही नावाचं पॅकेज आहे (आधी त्याचं नाव डीबीटीव्हॉल्ट होतं), हब, लिंक, सॅटेलाइट या व्हॉल्टमधल्या टेबलांच्या प्रकारांचे मॅक्रो तयार मिळतात आणि स्नोफ्लेकवर चालतं. पण एकाच ईआरपीसाठी व्हॉल्ट उभं करू नका, स्रोत पाच-सहा असतील आणि सतत बदलत असतील तेव्हा त्याचा उपयोग. तयार टूल वाईट नाहीत, टीमला एसक्यूएल लिहायचंच नसेल आणि लायसन्सचं बजेट असेल तर ती घ्यावीत. चाकणवाल्यांकडे एसक्यूएल येणारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी डीबीटीच बरोबर.

चाकण_डेटा

शेवटचं एक. इन्व्हॉइसचं फॅक्ट इन्क्रिमेंटल (दर रनला फक्त नव्या-बदललेल्या ओळी घेणारं) केलं, युनिक की इन्व्हॉइस नंबर. पहिला रन झाला, दुसऱ्याला डुप्लिकेट रो डिटेक्टेड ड्युरिंग डीएमएल अ‍ॅक्शन.

रात्रपाळी_ईटीएल

एका इन्व्हॉइसला अनेक लाइन असतात ना, मग नुसता इन्व्हॉइस नंबर युनिक कसा होईल? पहिल्या रनला नुसतं टेबल बनतं म्हणून चाललं. दुसऱ्यापासून मर्ज (की जुळली तर ओळ बदलणं, नाहीतर नवी घालणं) होतो आणि एकाच कीला दोन ओळी आल्या की स्नोफ्लेक थांबतं, आणि थांबतं तेच बरं. इन्व्हॉइस नंबर आणि लाइन नंबर दोन्ही युनिक कीत यादी म्हणून द्या. तुमच्याकडे नंबर दर १ एप्रिलला परत १ पासून सुरू होत असेल तर आर्थिक वर्षपण कीत घ्या, हे ईआरपीवाल्यांना आधी विचारून घ्या. लोडिंगवाला टूल एकच ओळ दोनदा टाकत असेल तर स्टेजिंगमधे (रॉ टेबलावरच्या पहिल्या मॉडेलमधे) क्वालिफाय आणि रो नंबर वापरून ताजी ओळ ठेवा, आणि तिथेच त्या कीवर युनिक आणि नॉट नल टेस्ट लावा. मग एकदा फुल रिफ्रेश (टेबल पूर्ण नव्याने बनवणं) देऊन चालवा, त्याच्या पुढचा साधा रन बघा आणि तरीही अडलं तर टार्गेट फोल्डरमधल्या रन खाली मर्जची जी तयार एसक्यूएल पडलेली असते ती इथे टाका.