जेएमएफसीपासून सुप्रीम कोर्टापर्यंत कोणी पोचतं का?

चोपडेकर: मंडळी एक शंका. भाची यंदा एलएलबी झाली, जेएमएफसीचा, म्हणजे खालच्या कोर्टाच्या जजच्या परीक्षेचा, अभ्यास करतेय. परवा मळ्यात भरीत पार्टी होती, वांगी भाजता भाजता मोठे काका म्हणे आपली पोर सुप्रीम कोर्टाची जज व्हईन. सगळे हसले, ती नाही हसली. खालच्या कोर्टातून चढत चढत तिथं जाता येतं का खरंच?

वकील_धुळे: येतं भो, पण वयाचं गणित आडवं येतं. आधी जेएमएफसी म्हणजे सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजन, मग सिनिअर डिव्हिजन, मग जिल्हा न्यायाधीश, दर तीन-चार वर्षांनी बोचकं बांधून बदली, हायकोर्टात नंबर लागेपर्यंत पन्नाशी उलटते आणि तिथं 62 ला रिटायर. म्हणून वर दिसतात ते बहुतेक वकिलीतून थेट हायकोर्टात गेलेले. गवई साहेब बघा, 1985 पासून वकिली, नागपूरला सरकारी वकील, 2003 ला हायकोर्टात गेले तेव्हा वय 42, मग 2019 ला सुप्रीम कोर्ट. आपल्या खान्देशच्या केसेस ज्या औरंगाबाद खंडपीठात जातात तिथले वराळे साहेब तर आधी लॉ कॉलेजात शिकवायचे, 2024 ला दिल्लीत पोचले.

तापीकाठ: फातिमा बीवींना विसरले का? 1958 ला केरळात मुन्सफ, म्हणजे अगदी खालून सुरुवात. एप्रिल 1989 ला हायकोर्टातून रिटायर पण झाल्या होत्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला जज! तिथं 65 पर्यंत राहता येतं म्हणून जमलं. सोलापूरचे ललित साहेब उलटे, हायकोर्टाचे जज कधीच नव्हते, 2014 ला वकिलीतून डायरेक्ट सुप्रीम कोर्टात. घटनेत कायदेपंडितांना पण घेता येतं असं लिहिलंय, आजवर घेतला एकही नाही.

वकील_धुळे: ते सगळं नंतर. चोपडेकर, सुप्रीम कोर्टाच्या मे 2025 च्या निकालाने जेएमएफसीला 3 वर्षं प्रॅक्टिस पायजे, नुसत्या एलएलबीवर बसता येत नाही. आधी वकिलीची सनद घ्यायला लावा आणि एखाद्या सिनिअरकडे पाठवा. 7 वर्षं प्रॅक्टिस झाली की जिल्हा न्यायाधीशाची डायरेक्ट परीक्षा पण आहे, भानुमती मॅडम 1988 ला तशाच लागल्या न 2014 ला सुप्रीम कोर्टात गेल्या. माझं मत विचाराल तर तोच रस्ता बरा, वय वाचतं.

चोपडेकर: काकांना सांगितलं. म्हणे, "तीन वरीसनं काय इतलं, आपली वावरना बांधनी केस बावीस वरीस व्हयनात चालूच शे."