२१व्या दिवसाचा रिपोर्ट
रिपोर्टमध्ये प्रोजेस्टेरॉन (पाळीच्या चक्रातलं एक हॉर्मोन) कमी का आलं, असं तुम्ही विचारलंय. तुमची पाळी ३५ दिवसांची आणि तपासणी केली पाळी सुरू झाल्यापासून २१व्या दिवशी, मग ते कमी येणारच! हे हॉर्मोन वाढतं ते बीज सुटल्यानंतर. चाचणी पुढच्या पाळीच्या साधारण ७ दिवस आधी हवी, म्हणजे तुमच्यासाठी २८व्या दिवसाच्या आसपास. चाळिशीनंतर एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही. मग हे हॉर्मोन वाढत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि मग धो धो रक्तस्राव. म्हणून एका आकड्यावर काही ठरवू नका.

प्रोजेस्टेरॉन वाढावं म्हणून कुणीतरी सुचवलेलं वाइल्ड याम (एक रानटी कंद) क्रीम सोडा. त्यातल्या घटकापासून प्रोजेस्टेरॉन प्रयोगशाळेत बनतं, शरीरात नाही. दर तासाला पॅड बदलावं लागत असेल, तर मात्र चाचणीची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवा.