मालिकेतला बीन सिनेमात का हरवतो?

मूळ प्रश्न

परवा आईबरोबर १९९७ चा 'बीन' पाहिला. 'मिस्टर बीन' ही मालिका आम्ही कितीदा तरी पाहिली आहे. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघायला त्याची जी धडपड चालते, ती बघून आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते. इंग्रजी तिला येत नाही. सिनेमात मात्र दर पाच मिनिटांनी, "हा काय म्हणाला गं?" माणूस तोच, रोवन अ‍ॅटकिन्सन. मग बिघडलं कुठे? २००७ चा 'मिस्टर बीन्स हॉलिडे' तिला दाखवू का?

प्रतिसाद १

ताई, मालिकेत बीन एकटा असतो, सोबतीला फक्त टेडी. सिनेमात त्याला लॉस एंजेलिसला एका कुटुंबात नेऊन सोडलं. मग त्या नवरा-बायकोचं भांडण आलं, मुलं आली, संवाद आले. पण व्हिसलर या चित्रकाराने काढलेल्या स्वतःच्या आईच्या चित्रावर तो शिंकतो, पुसायला घेतलेला रुमाल शाईने माखलेला निघतो, मग थिनर लावून चित्रातल्या आईचा चेहराच पुसून टाकतो, तेव्हा आईंनी काही विचारलं का?

प्रतिसाद २

हा ब्रिटिश सिटकॉमचा, म्हणजे विनोदी मालिकांचा, जुनाच घोळ आहे. या मालिकांची गंमतच मुळी माणसं एका जागी अडकलेली असण्यात असते. सिनेमा काढायचा म्हटलं की त्यांना सहलीला धाडतात. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?'मधली दुकानातली मंडळी १९७७ च्या सिनेमात स्पेनला गेली आणि काउंटरच सुटला! उलट तुरुंगातल्या कैद्यांवरच्या 'पॉरिज' मालिकेचा १९७९ चा सिनेमा बघा. खऱ्या चेम्सफर्ड तुरुंगात चित्रीकरण केलं. त्यातला कैदी फ्लेचर मनात नसताना बाहेर पडतो आणि उरलेला सगळा जीव परत आत घुसण्यासाठी टाकतो. मोठ्या पडद्यासाठी गोष्ट मोठी केली, पण कोठडी हातची सोडली नाही. मला तरी याहून चांगलं रूपांतर दिसलेलं नाही.

'हॉलिडे' जरूर दाखवा. तिथे बीन फ्रान्समध्ये आहे आणि त्याला फ्रेंच येत नाही. म्हणजे तुमच्या आई आणि तो एकाच बाकावर!

मूळ प्रश्नकर्ती

हो, चित्राच्या वेळी आई एक शब्द बोलली नव्हती, हे आत्ता लक्षात आलं.

काल 'हॉलिडे' पाहिला. पॅरिसच्या हॉटेलात तो कोळंबीसारखं काहीतरी कवचासकट कडाकडा चावतो आणि कालवं हळूच शेजारणीच्या पर्समध्ये ओततो. आईने तेवढा भाग तीनदा मागे घ्यायला लावला. तिसऱ्यांदा मीच तिला विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "अगं, आता तिचा फोन वाजणार!"

प्रतिसाद १

आईंना नमस्कार सांगा.